काचेच्या कपाटातला नमुना

१

मावशी पडल्या तेव्हा मी आमच्या स्वयंपाकघरात स्टुलावर उभी राहून वरच्या फळीवरचे डबे पुसत होते. खालच्या मजल्यावरून आधी धप्प असा आवाज आला, मग काहीतरी लोखंडी फरशीवरून घसरत गेलं, आणि मग काहीच ऐकू आलं नाही. 

आता काल काय जेवले ते मला आठवत नाही, पण त्या सकाळी माझ्या हातातलं फडकं कुठल्या जुन्या सदऱ्याचं होतं ते मी अजून सांगू शकते. डबे झाले की त्याच फडक्याने स्टुलाचे पितळी स्क्रू पुसून चमकवायची माझी सवय. त्या दिवशी स्क्रू राहिले. मी उतरले आणि तशीच जिन्याकडे धावले.

मावशी म्हणजे आमच्या खाली राहणाऱ्या निवृत्त परिचारिका. नात्याच्या कुणाच्याच नव्हत्या, पण अख्ख्या इमारतीच्या मावशी होत्या. दिवा बदलायला स्टुलावर चढल्या होत्या. खुबा मोडला होता. दिवा मात्र हातात शाबूत होता, आणि तो घ्या म्हणून मलाच पुढे करत होत्या. स्टूल शेजारी पडलं होतं, शहाण्या मुलासारखं मिटून.

ते स्टूल आमच्या घरातून जन्माला आलेलं होतं. दोन पायऱ्यांचं, हिरव्या रंगाचं, मिटवून दारामागे ठेवता येणारं. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ते शोधून काढलं होतं. उघडलं की आतला खटका पट्टीवरच्या खाचेत पडायचा आणि टक् असा आवाज यायचा. तुम्ही जितके जड, तितका खटका खाचेत घट्ट बसणार, अशी त्याची करामत होती. प्रत्येक स्टुलावर एक चिठ्ठी चिकटवलेली असे: ‘टक् असा आवाज आल्यावरच पाय ठेवा.’ हे वाक्य ह्यांचं. कारखान्याच्या मालकांना त्या जागी फुलाचं चित्र हवं होतं. त्या वाक्यासाठी हे महिनाभर भांडले होते.

मावशींना उचलून न्यायला माणसं आली तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, “तुझ्या नवऱ्याला सांग, मी घाई नाही केली. पण हे स्टूल कधी वाजलंच नाही गं. पहिल्या पहिल्यांदा मी कान लावून बसायची. मग म्हटलं, मुकं असेल बिचारं.”

हे आले ते सरळ फरशीवर बसले. स्टूल उघडलं. खस् असा आवाज झाला, जोडा घसटल्यासारखा. वरच्या पायरीवर त्यांनी दोन्ही तळवे ठेवून भार दिला. स्टूल थोडा वेळ उभं राहिलं आणि मग हळूच गुडघे टेकल्यासारखं मिटलं.

ह्यांनी पट्टीवरच्या खाचेत अंगठा फिरवला. मग म्हणाले, “हे माझं नाही.”

२

ह्यांचा स्वभाव समजायचा तर आधीची एक हकिगत सांगायला हवी.

स्टुलाच्या पूर्वी ह्यांनी बरणीचं झाकण उघडायची एक चावी केली होती. अगदी लहानसा हातही तिने झाकण उघडायचा. एका कारखान्याने ती बनवायचे हक्क घेतले, कागदावर सगळी मापं लिहून घेतली, आणि बाजारात जे आणलं त्याने झाकण सोडून बाकी सगळं निघायचं. हे तक्रार घेऊन गेले तर त्यांनी कागद पुढे केला. सगळं कागदाप्रमाणेच होतं. पत्रा किती कडक हवा हे मात्र कागदावर लिहायचं राहून गेलं होतं. ती चावी ह्यांच्या नावावर विकली जात होती आणि नातेवाईक लग्नाकार्यात ह्यांना गाठून विचारायचे, “काय हो, अजून कशाकशाचं झाकण लावलंत?”

तेव्हापासून ह्यांचा कागदावरचा विश्वास उडाला. स्टुलाच्या वेळी ह्यांनी करारात कलम घालून घेतलं: कागद आणि नमुना यांत फरक पडला तर नमुना खरा. तो नमुना ह्यांनी स्वतःच्या हाताने घरी बनवला. एकेक भाग वेगळा रंगवून माझ्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर टांगला. माझ्या दोन चांगल्या चादरींवर हिरवे ठिपके पडले ते कायमचे. रंग वाळल्यावर सगळे भाग पितळी स्क्रूंनी जोडले, ह्यांच्या सहीची चिठ्ठी सुतळीने बांधली, आणि कारखान्यात तपासणीच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात तो नमुना ठेवला गेला. हे म्हणाले, “आता बघू कोण मला कागद दाखवतो ते.”

पण म्हणून ह्यांची धुसफूस थांबली नाही. हे दर आठवड्याला कारखान्यात जायचे आणि कपाळावर आठी घेऊन परत यायचे. आज पायांच्या रबरी टोप्या पातळ, उद्या रंगाला पापुद्रे. मालक आधी चहा विचारायचे, मग नुसतं बसा म्हणायला लागले, मग तेही बंद झालं. शेवटी एके दिवशी फाटकावरच्या रखवालदाराने ह्यांना आत सोडलं नाही. वरून हुकूम होता. पोटच्या मुलीच्या सासरी दाराबाहेर उभं करावं, तसं ह्यांना झालं. त्यानंतर घरात कारखान्याचं नाव काढायची चोरी झाली.

आणि आता मावशी.

मी मालकांना फोन केला. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, आणि मग सांगितलं की स्टूल मिटून माणूस पडल्याची ही पहिली तक्रार नाही. त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक स्टूल नमुन्याशी ताडूनच बाहेर पडतं, म्हणजे खोट नमुन्यातच आहे, म्हणजे ह्यांच्या डोक्यात आहे. शनिवारी ते घरी येणार होते. आराखडाच सदोष होता असं एका कागदावर ह्यांनी सही करून द्यायचं. मग स्टूल कायमचं बंद. सही नाही दिली तर मालक ते स्वतःच जाहीर करणार. विश्वास नसेल तर तुमच्याकडच्या कुणीही येऊन नमुना बघून जावं, असंही ते म्हणाले. “फक्त ते नकोत.”

ह्यांनी ऐकलं आणि जेवणाचं ताट सरकवलं. मला एवढंच कळत होतं, की बरणीच्या चावीने ह्या माणसाची मान अर्धी खाली गेली होती. ही सही झाली तर उरलेली जाईल.

मी वन्संना बोलावून घेतलं.

३

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. एका मोठ्या दुकानात तक्रारीच्या खिडकीमागे त्यांनी सगळी नोकरी काढली होती. तुटकी छत्री, उसवलेली पिशवी, न चालणारं घड्याळ घेऊन माणसं त्यांच्यापुढे यायची, आणि त्या चष्म्यावरून बघत एकच विचारायच्या: “बरं, मग?” त्यांचं एक ठरलेलं मत होतं. “तक्रार करणारा खोटं बोलत नाही. अर्धं बोलतो. उरलेलं अर्धं वस्तू सांगते.” धाकट्या भावाला त्या लहानपणापासून खटपट्या म्हणायच्या आणि तो साठीला आला तरी म्हणत होत्या.

मावशींचं स्टूल पिशवीत घालून आम्ही दोघी कारखान्यात गेलो. आत तेलाचा आणि तापलेल्या रंगाचा वास होता. मालक नीट कपड्यांतले, थकल्या चेहऱ्याचे. ते वाईट वाटत नव्हते, याचा मला राग आला. मी चिडायला आले होते आणि समोरचा माणूस पाणी विचारत होता.

वन्संनी आधी मालकांच्या मेहुण्याला बोलावून घेतलं. कच्चा माल तोच आणायचा, आणि ह्यांचा सगळा संशय त्याच्यावर होता. बोलका, गुबगुबीत गृहस्थ. एकदा खाचेची स्वस्त लोखंडी पट्टी आणली होती, हे त्याने आपणहूनच सांगून टाकलं. पण ती फाटकातून आत आली तशीच बाहेर गेली. तपासणीच्या बाईंनी परत पाठवली. “आमच्याकडे त्या आल्यापासून माझं काही चालत नाही हो,” तो म्हणाला. “रबराच्या टोप्यांत थोडं खाल्लं असेन. लोखंडात नाही.” असं निर्लज्जपणे खरं बोलणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. वन्सं नुसत्या “बरं, मग?” म्हणाल्या आणि त्याने टोप्यांचीही सगळी कथा सांगितली.

मग तपासणीच्या बाई. तरुण, शिकलेल्या, ताठ. आमच्याकडे त्या आरोपीसारख्या नाही, परीक्षकासारख्या बघत होत्या. त्यांनी काचेचं कपाट उघडलं. किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेली होती.

आत हिरवं स्टूल उभं होतं. ह्यांच्या सहीची चिठ्ठी, सुतळी, आणि सुतळीला ह्यांची ती गाठ. ती परक्या जागी दिसली आणि मला एकदम घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. ह्यांची गाठ कधी सुटत नाही. आमच्याकडे रद्दीचा गठ्ठा असो की गादीची वळकटी, मी सरळ कात्री घेते.

बाईंनी काम समजावून सांगितलं. पट्टीवर खाच पाडायचं जे पोलादी हत्यार, ते झिजतं. झिजलं की खाच उथळ पडते. म्हणून ठरावीक काळाने नवं हत्यार लावतात, आणि ते बसवताना कपाटातला नमुना बाहेर काढून त्याच्या खाचेवरून लावतात. रोजच्या मालातलंही एक स्टूल त्या नमुन्याशेजारी ठेवून बघतात. “करारात आहे तसंच,” त्या म्हणाल्या. “नमुना खरा.”

मावशींचं स्टूल पिशवीतून निघालं. दोन्ही शेजारी शेजारी उघडली. दोन्हींचा आवाज खस्. बाईंनी मापाची पट्टी लावली. मावशींच्या स्टुलाची खाच केसभर उथळ निघाली, वापराने येईल इतपतच. मी माझं नख घालून पाहिलं. मला फरक लागला नाही.

वन्संनी नमुन्याच्या कडेवरून बोट फिरवलं. स्क्रूंवर थांबल्या. स्क्रूंची डोकीसुद्धा हिरवी होती, त्यांच्या चिरांत रंग भरून वाळला होता. त्यांनी मालकांना विचारलं की रंग आधी देता की जोडल्यानंतर. मालक म्हणाले, जोडल्यानंतर, अख्खं स्टूल एकदम फवारतात, पहिल्या दिवसापासून हीच रीत. या प्रश्नात काय होतं ते मला कळलं नाही.

वन्संनी बाईंना आणखी एकच विचारलं. चिठ्ठीवर ‘टक्’ लिहिलंय, आणि नमुना खस् वाजतो, हे तुम्हाला कधी खटकलं नाही का?

बाईंचा ताठा पहिल्यांदा ढळला. त्यांनी मालकांकडे पाहिलं. “खटकलं होतं. मी विचारलं होतं.”

मालक घड्याळ बघत म्हणाले, “विचारलं होतं. मी म्हटलं, नमुना त्यांच्या सहीचा आहे ना, मग झालं. जाहिरातीत माणसं काहीही लिहितात.”

आम्ही स्टूल पुन्हा पिशवीत घातलं आणि बाहेर पडलो. ज्यावर ह्यांनी सगळा भार टाकला होता, तो नमुनाच उलटला होता.

४

रात्री जेवताना मी ह्यांना सांगितलं. नमुना आणि मावशींचं स्टूल सारखंच आहे. दोन्ही खस्.

मला वाटलं होतं हे उसळतील, त्या मेहुण्याचा उद्धार करतील, मालकांच्या सात पिढ्या काढतील. त्याची सवय होती मला. पण ह्यांचा घास हातातच राहिला. “नमुना?” एवढंच विचारलं. “काचेच्या कपाटातला?” मी हो म्हटलं. हे उठले, हात धुतले आणि जाऊन अंथरुणावर पडले. दिवा चालू होता, डोळे उघडे होते.

पुढचे दोन दिवस घरात बोलणं उरलं नाही. हे खिडकीपाशी बसून राहायचे. मावशींना भेटायला चला म्हटलं तर आले नाहीत. माझी चिडचिड होऊ लागली. म्हटलं, आता तरी भांडा. आयुष्यभर रबराच्या टोप्यांवरून घर डोक्यावर घेतलंत, आणि आता नाव जायची वेळ आली तर मिठाची गुळणी धरून बसलात.

वन्सं मात्र निवांत होत्या. चहा पिता पिता माझ्याशी इकडचं तिकडचं बोलत होत्या. आमच्याकडचं स्टूल कधीचं, असं त्यांनी मधेच विचारलं. मी म्हटलं, माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळचं. त्याआधी कारखान्यातून भेट आलेलं एक होतं, पण ह्यांना ते पसंत नव्हतं. त्याला हात लावून लावून कुरकुरायचे. एके दिवशी ते घेऊन गेले आणि संध्याकाळी दुसरं घेऊन आले, चादरीत गुंडाळून. तीच हिरव्या ठिपक्यांची चादर. निदान ती तरी आता नासवू नका म्हणून मी ओरडले होते, आणि हे म्हणाले होते, “चढ आता खुशाल. डोळे मिटून चढलीस तरी चालेल.” एका डोळ्याला पट्टी बांधलेल्या बाईला हा विनोद. म्हणून तर लक्षात राहिला.

वन्संनी कप खाली ठेवला. “रद्दी बांधलेली आहे का गं?”

होती. ह्यांनीच बांधलेली. मी नेहमीप्रमाणे कात्री आणून सुतळी कापली. वन्संनी कापलेली गाठ उचलली, दिव्याखाली धरून बराच वेळ पाहिली, आणि रुमालात ठेवली.

“शनिवारी त्या मंडळींना दिवाणखान्यात बसवू नकोस,” त्या म्हणाल्या. “इथेच बसव. आणि तपासणीच्या बाई आल्याच पाहिजेत म्हणावं.”

मी विचारलं, कुणी केलं ते कळलं का तुम्हाला.

“कळलं,” वन्सं म्हणाल्या. त्यांचा चेहरा मात्र जिंकलेल्या माणसासारखा नव्हता. “कळलं नसतं तर बरं झालं असतं.”

५

शनिवारी मालक आणि बाई आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी अवघडून बसले. मालकांनी कागद काढून ठेवला, वर पेन ठेवलं. हे दारात उभे राहिले, आत आले नाहीत.

वन्संनी मला सांगितलं की वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढ, चहात साखर कमी आहे. साखर कमी नव्हती. पण मी दारामागचं स्टूल ओढलं आणि उघडलं.

टक्.

बाईंची मान झटकन वर झाली. त्या उठून माझ्यापाशी आल्या आणि वाकून स्टुलाकडे बघू लागल्या. मी वर उभी, हातात साखरेचा डबा. मला उतरताही येईना.

“हा आवाज,” त्या म्हणाल्या. “चिठ्ठीवरचा. मी आज पहिल्यांदा ऐकतेय.”

वन्सं शांतपणे बोलू लागल्या. त्यांनी मालकांना या स्टुलाचे स्क्रू बघायला सांगितले. पिवळेधमक होते. रंग आधी आणि स्क्रू नंतर, हे फक्त माझ्या दोरीवर वाळलेल्या स्टुलाचंच होऊ शकतं. कारखान्यातलं प्रत्येक स्टूल जोडल्यावर रंगतं, आणि त्यांच्या कपाटातल्या नमुन्याचे स्क्रू हिरवे आहेत. म्हणजे कपाटातला नमुना हा नमुना नव्हेच. तो त्यांच्याच मालातला एक आहे, आणि बहुधा हत्यार पार झिजलेल्या दिवसांतला. कुणीतरी अदलाबदल केली. पुढे नवं हत्यार आलं, ते त्या उथळ खाचेवरून लावलं गेलं, आणि झिजत गेलं ते तिथून आणखी खाली.

मला एकदम समजलं. शिवणाचंच आहे हे. मापाचा कागद बाजूला टाकून मागच्या फ्रॉकवरून पुढचा फ्रॉक बेतला, की चौथा फ्रॉक भलत्याच मुलीला बसतो.

मालक म्हणाले की किल्ली खिळ्यालाच असते, कुणीही बदलू शकतं, त्यांच्या मेहुण्यापासून रखवालदारापर्यंत. ते घामेजले होते. वन्संनी रुमाल उघडून टेबलावर सुतळीची कापलेली गाठ ठेवली.

“ही गाठ सुटत नाही. आमच्या खटपट्याने शाळेत असताना शोधून काढली. दप्तराला बांधायचा, आणि मग मलाच दातांनी सोडवायला लावायचा. माझा दात पडला, गाठ नाही सुटली. चिठ्ठी एका स्टुलावरून दुसऱ्यावर न्यायची तर सुतळी कापावी लागते. आणि पुन्हा बांधताना ज्याची त्याची गाठ पडते. कपाटातल्या खोट्या नमुन्यावर जी गाठ आहे ना, ती ही आहे.”

 मी स्टुलावरून दाराकडे पाहिलं. इतक्या उंचीवरून ह्यांच्या डोक्यावरचे विरळ झालेले केस मला पहिल्यांदाच दिसले.

“मीच बदलला,” हे म्हणाले.

मालकांच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली, मग राग. पण ह्यांचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. हे बाईंशी बोलत होते.

“भेट आलेलं स्टूल वाजत नव्हतं. हिच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. मी कारखान्यात जाऊन सांगितलं तर मालक मला म्हणाले, बसतंय मापात. जुने तपासनीस सोडून गेले होते, खोलीत कुणी नव्हतं. म्हटलं, त्या कपाटाकडे बघतंय कोण? काचेत ठेवायचं आणि मनाला येईल ते बनवायचं, हेच पाहिलं होतं आयुष्यभर. एकच चांगलं होतं. ते तिथे धूळ खाण्यापेक्षा हिच्या पायाखाली असू दे म्हटलं. आणि तुमचं पाप तुमच्याच कपाटात राहू दे.”

बाई हळू आवाजात म्हणाल्या, “मी बघत होते. रोज.”

ह्यांनी दाराची चौकट धरली. माझ्या संसारात मी ह्यांना पुष्कळदा चिडलेलं पाहिलं, हरलेलंही पाहिलं. पण आपल्या मालाची प्रामाणिकपणे राखण करणारं कुणी त्या कारखान्यात असेल, हे ह्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. आणि ती होती म्हणूनच तर ते खोटं स्टूल घरोघर पोचलं होतं.

६

मालकांनी कागद ह्यांच्याकडे सरकवला. म्हणाले, मग प्रश्नच मिटला. करा सही.

वन्संनी कागदावर हात ठेवला. “यात लिहिलंय की आराखडा सदोष आहे. आराखडा हा तुमच्यासमोर उभा आहे, आणि त्याच्यावर ही उभी आहे, साखरेचा डबा घेऊन. मघापासून. मिटला का?” मग त्या मालकांकडे वळल्या. “त्याने चूक केली ती केली. ती मी झाकणार नाही, माझा भाऊ असला तरी. पण बाईंनी आवाजाचं विचारलं तेव्हा उत्तर देऊ शकणारा एकच माणूस होता, आणि त्याला तुम्ही फाटकावर अडवला होता. हेही लिहा मग कागदावर.”

मालकांनी पेन उचललं, खाली ठेवलं. ते मला तेव्हाही वाईट माणूस वाटले नाहीत, फक्त कुरकुरीला कंटाळलेला माणूस वाटले. रोज लांडगा आला म्हणणाऱ्याचं होतं तसं ह्यांचं झालं होतं. दहा वेळा टोप्यांवरून ओरडल्यावर अकराव्यांदा खाचेचं कोण ऐकणार?

मी म्हटलं, कुणी मला उतरू देणार आहे का. तेव्हा कुठे सगळे हलले.

शेवटी दुसराच कागद झाला. तो ह्यांनी स्वतः सांगितला आणि बाईंनी लिहून घेतला. ज्या स्टुलाचा टक् असा आवाज येत नाही त्यावर चढू नका, ते परत द्या, बदलून मिळेल. नमुना माझ्या हातून बदलला गेला. खाली ह्यांचं नाव. मालकांनी स्वतःचंही नाव खाली घातलं, थोडा वेळ घेऊन, पण घातलं. जाहिरात छापून आली तेव्हा ज्या नातेवाइकांनी बरणीच्या चावीवरून जन्मभर टोमणे मारले होते, त्यांचे फोन आले. ह्यांनी प्रत्येक फोन स्वतः घेतला. एकालाही माझ्याकडे दिला नाही.

मावशींकडे हे एकटेच गेले. काय बोलले ते मला ह्यांनी सांगितलं नाही, मावशींनी सांगितलं. म्हणे, येऊन पलंगाशी उभे राहिले आणि सरळ सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे बायकोचा खुबा वाचवायला माझा मोडलात?” हे हो म्हणाले. मग त्या म्हणाल्या, “आता बसा. आणि तो दिवा अजून बदललेला नाही, तो बदलून द्या. माझ्या घरात स्टुलावर तुम्हीच चढायचं यापुढे.” त्यांना काठी लागली ती कायमची. जिन्यात ती काठी वाजली की हे बोलता बोलता गप्प व्हायचे. शेवटपर्यंत.

आमच्याकडचं ते खरं स्टूल कारखान्यात परत जायचं होतं. ह्यांनी हिरव्या ठिपक्यांची ती चादर मागितली आणि मी न ओरडता दिली. नवी चिठ्ठी, नवी सुतळी. गाठ मारायच्या वेळी हे थांबले आणि सुतळीची टोकं बाईंच्या हातात दिली. त्यांनी साधी, कुणालाही सुटेल अशी गाठ मारली, आणि किल्ली खिळ्याला न लावता स्वतःच्या पर्समध्ये टाकली. रखवालदाराने त्या दिवशी ह्यांना फाटकातून आत सोडलं. त्यानंतर हे महिन्यातून एकदाच जायचे. टोप्यांबद्दल तरीही बोलायचेच.

मी काही दिवस स्टुलाशिवाय काढले. वरचे डबे हेच काढून द्यायचे आणि पुन्हा चुकीच्या जागी ठेवायचे. मी म्हटलं, हाताशी सगळं सामान आहे, माझ्यापुरतं एक बनवा की घरीच, तुमच्या हाताने. हे म्हणाले, “नाही. सगळ्यांना जे मिळेल तेच तुला.” मला तेव्हा ते फार लागलं. तुम्हाला सांगते, चांगले दोन दिवस मी धड बोलले नाही.

मग नव्या मालातलं पहिलं स्टूल दुकानात आलं. मी ते रांगेत उभी राहून, सगळ्यांसारखीच, घेऊन आले. स्क्रू हिरवेच होते. दुपारची वेळ होती. हे बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. मी स्वयंपाकघरात जाऊन स्टूल जमिनीवर ठेवलं, आणि बाहेर कागदाची सळसळ थांबल्याचं मला ऐकू आलं.

मी स्टूल उघडलं. टक्.

मग बाहेर पान उलटल्याचा आवाज आला, आणि मी वर चढले.